साखरेचे उपद्रवी अंश आणि आपली स्मृती

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त परभणी येथे झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आरोग्यावर काही बोलावे, अशी सूचना विश्वस्तांनी केली तेव्हा हृदयविकार किंवा रक्तदाब असा परिचयाचा विषय त्यांना अपेक्षित असावा. मी मात्र विस्मरणाचा विषय निवडला आहे, आणि तोही रक्तातील साखरेच्या अंगाने. घरातील आजोबा एकच प्रश्न चार वेळा विचारू लागले, आजींना दुधाच्या रतिबाचा हिशेब जमेनासा झाला, की 'आता वय झाले' एवढे म्हणून आपण तो विषय मिटवतो. वयाचा त्यात वाटा असतोच. परंतु ज्या घरात पंधरा-वीस वर्षे मधुमेह मुक्कामाला आहे, त्या घरात केवळ वयाकडे बोट दाखवून भागत नाही. साखर मेंदूच्या पेशीचे नेमके काय करते, हे गेल्या काही दशकांत बरेचसे उलगडले आहे. ते आज आपल्यासमोर मांडतो, आणि त्यातून आपल्या घरांतील काही नित्याच्या सवयींविषयी जे निघते तेही सांगतो.

प्रश्न किती मोठा आहे, हे आधी पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा पहिला टप्पा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले. त्याच पाहणीचे संपूर्ण देशाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यांनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी साडेतेरा कोटींच्या घरात आहेत. त्याच वर्षी स्मृतिभ्रंशाविषयीही देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा त्याचा अंदाज आहे. हे दोन आकडे एकमेकांपासून अलग नाहीत. हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात सहा हजारांहून अधिक वृद्धांचा काही वर्षे पाठपुरावा करून १९९९ मध्ये असे दाखवण्यात आले, की मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट असतो.

हे असे का होते, हे समजून घेण्यासाठी प्रथम स्वयंपाकघरात जावे लागेल.

आपल्या भाषेत 'खमंग' असा एक सुंदर शब्द आहे. भाजणी परतताना सुटणारा वास, भाकरीच्या पापुद्र्यावर उमटणारे तांबूस डाग, खवा आटवताना कढईत हळूहळू चढणारा रंग, हे सर्व त्या एका शब्दात येते. आपल्यापैकी बहुतेकांनी कुंथलगिरीच्या यात्रेहून पेढ्यांचा पुडा आणलेला आहे. तो पेढा पांढरा का नसतो? दुधातील साखर आणि दुधातील प्रथिने उष्णतेने एकमेकांशी जोडली जातात आणि त्या संयोगातून तो रंग व ती चव निर्माण होते. फ्रान्समधील लुई कामिल मेयार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हीच अभिक्रिया आपल्या शरीरातही चालते. तेथे कढईची आच नसते, केवळ ३७ अंशांची ऊब असते, म्हणून ती मिनिटांत न होता महिन्या-वर्षांत होते. १९६८ मध्ये तेहरानमधील सॅम्युअल राहबर यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक वेगळा प्रकार वाढलेला आढळला. साखर चिकटलेले हिमोग्लोबिन होते ते. आज आपण तीन महिन्यांतून एकदा जी एचबीए१सी तपासणी करतो, ती याच शोधातून आली. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि त्या काळात तिच्यावर साखरेचा किती लेप बसला हे ती तपासणी सांगते. म्हणून आदल्या दिवशी जेवण टाळून एचबीए१सी सुधारत नाही. दवाखान्यात हा प्रयत्न नेहमी दिसतो, म्हणून जाता जाता सांगितले.

साखरेचा हा लेप बसण्याच्या प्रक्रियेवर आपल्याच राज्यात, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, डॉ. महेश कुलकर्णी व त्यांचे सहकारी अनेक वर्षे संशोधन करीत आले आहेत. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन स्वतःवर साखर घेते आणि एका परीने इतर प्रथिनांवरचा भार हलका करते. ज्या मधुमेही रुग्णांत अल्ब्युमिन कमी असते त्यांच्यात इतर प्रथिनांवर साखर अधिक बसलेली आढळते, असे त्यांनी २०१२ मध्ये दाखवले. आहारात पुरेसे प्रथिन असणे मधुमेह्याला का आवश्यक आहे, याचे आणखी एक कारण त्यातून सूचित होते. शाकाहारी घरांत वरण पातळ आणि भाताचा ढीग मोठा, हा प्रकार वृद्धांच्या ताटात विशेष दिसतो.

येथपर्यंत आपण साखरेविषयी बोललो. परंतु मेंदूच्या दृष्टीने खरी उपद्रवी वस्तू ग्लुकोज स्वतः नव्हे. ग्लुकोज तुलनेने शांत स्वभावाचा रेणू आहे. त्याचे विघटन होताना जे तुकडे पडतात, त्यांतील एक अतिशय तापट आहे. त्याचे नाव मिथिलग्लायॉक्सल.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ग्लुकोजच्या विघटनाचा धडा असतो. सहा कार्बन अणूंच्या ग्लुकोजचे पेशीत तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात आणि ते पुढे जाऊन ऊर्जा देतात. सर्वच तुकडे मात्र सरळ पुढे जात नाहीत. हजारात एखाद-दुसरा तुकडा वाटेतच आपला फॉस्फेटचा भाग गमावतो आणि मिथिलग्लायॉक्सल बनतो. गिरणीत दळण दळताना थोडे पीठ जात्याभोवती उडतेच, तसे हे आहे. निरोगी माणसाच्या प्रत्येक पेशीत ते अहोरात्र घडते. प्रथिनाला चिकटण्याच्या बाबतीत मिथिलग्लायॉक्सल ग्लुकोजच्या कित्येक हजार पटींनी तत्पर असते. प्रथिनातील आर्जिनीन या घटकावर ते नेमके बसते आणि त्या प्रथिनाचा आकार बिघडवते. कुलपाच्या छिद्रात डिंक गेल्यावर किल्ली फिरू नये, तसे त्या प्रथिनाचे काम थांबते. अशा रीतीने कायमच्या बिघडलेल्या संयुगांना शास्त्रज्ञ ग्लायकेशनची अंतिम उत्पादिते म्हणतात.

निसर्गाने यावर उपायही ठेवला आहे. १९१३ मध्ये डेकिन व डडली यांनी, आणि स्वतंत्रपणे जर्मनीत नॉयबर्ग यांनी, मिथिलग्लायॉक्सलला निरुपद्रवी करणारी यंत्रणा शोधली. ग्लायॉक्सलेज नावाचे दोन विकर, म्हणजे एन्झाइम, पाठोपाठ काम करतात आणि या तापट रेणूचे लॅक्टिक आम्लाच्या एका प्रकारात रूपांतर करून टाकतात. या कामात त्यांना एक मदतनीस लागतो. तो म्हणजे ग्लुटाथायोन. मिथिलग्लायॉक्सलला आधी ग्लुटाथायोन धरून ठेवते आणि मग विकर त्याचा निकाल लावतात.

आजच्या विषयाची गाठ येथेच आहे, म्हणून थोडे थांबतो. पेशीत ग्लुटाथायोनवर दुसरीही एक जबाबदारी आहे, आणि ती याहून मोठी आहे. आपण श्वासावाटे घेतलेला प्राणवायू पेशीतील तंतुकणिकांमध्ये वापरला जातो. लोखंडाला गंज चढवणारा तो हाच प्राणवायू. त्याचा वापर होताना काही अर्धवट, अस्थिर रेणू सुटतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. ती जेथे लागतील तेथे ओरखडा काढतात: पेशीच्या स्निग्ध आवरणावर, प्रथिनांवर, अगदी जनुकांवरही. त्यांना आवर घालणाऱ्या रक्षकांत ग्लुटाथायोन प्रमुख आहे. मुक्त मूलकांची निर्मिती आणि रक्षकांचे बळ यांचा तोल बिघडला, की त्या अवस्थेला ऑक्सिडीकारक ताण असे म्हणतात.

आता दोन्ही गोष्टी एकत्र पाहा. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की पेशीत ग्लुकोज अधिक येते, त्याचे विघटन अधिक होते आणि मिथिलग्लायॉक्सलही अधिक सुटते. अमेरिकेतील मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये मांडले, की हाच अतिरिक्त भार तंतुकणिकांवर पडून मुक्त मूलकेही वाढतात. एकाच रक्षकाला दोन दारांवर धावावे लागते. मुक्त मूलकांशी झुंजण्यात ग्लुटाथायोन खर्ची पडले, की मिथिलग्लायॉक्सलचा निचरा मंदावतो. साठलेले मिथिलग्लायॉक्सल तंतुकणिकांतील आणि ग्लुटाथायोनला पुन्हा ताजे करणाऱ्या यंत्रणेतील प्रथिनांवर चिकटते, त्यामुळे मुक्त मूलके आणखी वाढतात. त्याशिवाय बिघडलेली प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावरील रेज नावाच्या ग्राहकाला चिकटतात. १९९२ मध्ये सापडलेला हा ग्राहक पेशीत दाहाची हाकाटी सुरू करतो, आणि त्या दाहातूनही मुक्त मूलकेच सुटतात. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र आहे. मुद्दल थोडे, पण वर्षानुवर्षे फेडले नाही तर व्याजच घर खाते.

हे शरीरात सर्वत्र घडते, मग मेंदूलाच विशेष धोका का? शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के वापरतो. रोज जवळजवळ १२० ग्रॅम ग्लुकोज त्याला लागते. म्हणजे साखर आणि प्राणवायू या दोन्हींची सर्वाधिक ये-जा जेथे आहे तेच हे स्थान. स्नायूंच्या पेशीत साखर शिरण्यासाठी इन्सुलिनची परवानगी बहुतांशी लागते, मेंदूतील चेतापेशींना ती तशी लागत नाही. रक्तात साखर वाढली की त्यांच्या दारात ती वाढतेच, दार लावून घेण्याची सोय त्यांच्याकडे नाही. त्यातच चेतापेशी बहुधा नव्याने निर्माण होत नाहीत. तांबडी पेशी चार महिन्यांत बदलते आणि आपल्याबरोबर लेपही घेऊन जाते. चेतापेशी मात्र सत्तर-ऐंशी वर्षे तीच असते.

चेतापेशींच्या शेजारी तारकेच्या आकाराच्या साहाय्यक पेशी असतात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांच्या मेंदूतील या दोन प्रकारच्या पेशी वेगवेगळ्या वाढवून तुलना केली. मिथिलग्लायॉक्सलचा निचरा करण्याची क्षमता तारकापेशींत कितीतरी अधिक, आणि चेतापेशींत अगदी तोकडी आढळली. दोघींना एकत्र ठेवल्यावर चेतापेशींचे काही अंशी रक्षण झाले. मला हा प्रयोग फार बोलका वाटतो. विचार करणारी, स्मरण ठेवणारी पेशी स्वतःचे घर स्वतः झाडू शकत नाही, ती शेजारणीवर अवलंबून आहे. वयोमानाने शेजारीण थकली की घरात केर साठतो.

आता पुरावा कितपत पक्का आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अल्झायमरने मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मेंदूतील प्रथिनांच्या गाठींमध्ये ग्लायकेशनची अंतिम उत्पादिते असल्याचे १९९४ पासून दाखवले गेले आहे. न्यूयॉर्कमधील माउंट सायनाय संस्थेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिथिलग्लायॉक्सलजन्य संयुगे आहारातून दिलेल्या उंदरांची स्मृती उतारवयात खालावली. परंतु मेंदूतील गाठीत एखादी वस्तू सापडली म्हणजे गाठ तिनेच केली, असे सिद्ध होत नाही. आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पेशी, प्राणी आणि रुग्णांची निरीक्षणे एकाच दिशेला बोट दाखवतात, एवढे म्हणणे मला रास्त वाटते.

या चक्राला गोळीने खीळ घालण्याचे प्रयत्न झाले. अमायनोग्वानिडीन हे मिथिलग्लायॉक्सलला पकडणारे औषध दुष्परिणामांमुळे मागे पडले. रेज ग्राहकाला अडवणाऱ्या अझेलिरागॉन या औषधाची अल्झायमरवरील मोठी चाचणी २०१८ मध्ये अपयशी ठरली. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम देऊन स्मृतिभ्रंश टळतो का, हे अमेरिकेत सात हजारांहून अधिक पुरुषांवर तपासले गेले. टळत नाही, असा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. बाजारात 'मेंदूचे टॉनिक' म्हणून महागड्या बाटल्या मिळतात, नातेवाईक प्रेमाने त्या आणतात. ते पैसे तपासण्यांवर किंवा चालण्याच्या चांगल्या जोड्यावर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आहाराविषयी प्रश्न अपेक्षितच आहे. खमंग पदार्थांत ही संयुगे असतात, मग खमंग खाणे सोडावे काय? अन्नातील या संयुगांचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो, आणि त्याने माणसाच्या मेंदूचे किती बिघडते याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. मद्रास डायबिटीज रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ३८ स्थूल प्रौढांवरील एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. बारा आठवडे तळलेले-भाजलेले अन्न घेणाऱ्यांच्या तुलनेत उकडलेले व वाफवलेले अन्न घेणाऱ्यांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुधारली. म्हणून रोजचे फरसाण, भजी आणि तळलेले पापड कमी करण्यास हरकत नसावी. भाकरीवरच्या तांबूस डागाला मात्र कोणी भिऊ नये. शरीरातील मिथिलग्लायॉक्सल मुख्यतः शरीरातच, रक्तातील साखरेपासून तयार होते. लक्ष तेथे हवे.

आपला जिल्हा ज्वारीचा. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने परभणी मोती, परभणी ज्योती असे वाण दिले, आणि २०१८ मध्ये लोह व जस्त अधिक असलेला परभणी शक्ती हा वाणही दिला. ज्वारीत साखर नसते, असा मात्र एक गोड गैरसमज आहे. तिच्यातील पिष्टाचेही अखेर ग्लुकोजच होते. चोथा असल्यामुळे ते पांढऱ्या भातापेक्षा सावकाश होते एवढेच. दोन भाकरी, सोबत डाळ, पालेभाजी आणि ताक हे उत्तम जेवण. चार भाकरी आणि गुळाचा खडा हे मधुमेह्याचे जेवण नव्हे. गुळाविषयीही तेच. गूळ हा बहुतांशी साखरच आहे, रंगाने फसू नये. साखर आणि गूळ दोन्हींत अर्धा वाटा फ्रुक्टोजचा, आणि परीक्षानळीत तरी फ्रुक्टोज प्रथिनांना ग्लुकोजपेक्षा वेगाने चिकटते.

'मी तर सडपातळ आहे, मला कशाला तपासणी?' असे व्यापारी बंधू विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचे आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून बारीक आणि आतून मेदयुक्त ही आपली भारतीय ठेवण आहे. दुकानाच्या गादीवर दिवसभर बसणाऱ्या माणसाने तिशीनंतर वर्षातून एकदा साखर तपासावी, वजनकाट्यावर विसंबून राहू नये.

आता ज्या भागासाठी मी हा विषय मुद्दाम घेतला, तो सांगतो. साखर वाढल्याने मेंदूचे नुकसान होते हे ऐकून काही मंडळी साखर जितकी खाली येईल तितकी चांगली असे समजतात. ते खरे नाही. अमेरिका व कॅनडातील अकॉर्ड या मोठ्या चाचणीत एचबीए१सी सहाच्या खाली आणण्याचा कठोर प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू अधिक झाल्याने तो भाग २००८ मध्ये थांबवावा लागला, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्याच मेंदूविषयक भागात चाळीस महिन्यांनंतर स्मृतीत काही लाभ दिसला नाही. कॅलिफोर्नियातील सोळा हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांच्या अभ्यासात, २००९ मध्ये, असे आढळले की साखर अति खाली जाऊन ज्यांना रुग्णालयात न्यावे लागले त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका वाढला. चेतापेशीला साखर साठवता येत नाही, ती तिथल्या तिथे उपाशी पडते. प्राण्यांवरील प्रयोगांत तर असेही दिसले, की उपाशी पेशीला एकदम साखर मिळाल्यावर मुक्त मूलकांचा लोंढा सुटतो. म्हणजे दोन्ही टोकांना वैरी एकच.

आपल्या समाजात हा धोका एका विशिष्ट वाटेने येतो. सूर्यास्तापूर्वी भोजन हा आपला नियम. मधुमेहाच्या दृष्टीनेही तो चांगला आहे, कारण रात्री उशिरा घेतलेल्या जेवणाने साखर अधिक चढते. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते, 'रात्री जेवणापूर्वी एक गोळी'. लिहिणाऱ्याच्या मनात साडेआठचे जेवण असते. आमच्या आजी साडेपाचला जेवून घेतात आणि गोळी मात्र चिठ्ठीप्रमाणे रात्री साडेआठला पाण्याबरोबर, किंवा पाण्याचाही त्याग असेल तर कोरडीच, घेतात. गोळी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या जातीची असेल, किंवा इन्सुलिनचे इंजेक्शन असेल, तर मध्यरात्री साखर घसरते. घाम येतो, बडबड होते, सकाळी काही आठवत नाही. घरचे म्हणतात, स्वप्न पडले असेल. असे कित्येकदा घडून गेल्यावर विस्मरणासाठी रुग्ण आमच्याकडे येतो. आपण कोणत्या वेळी जेवता हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ते आपणहून विचारतीलच असे नाही, विशेषतः डॉक्टर बाहेरगावचे असतील तर.

दशलक्षण पर्वातील एकाशन आणि उपवास, तसेच श्वेतांबर बांधवांची अठ्ठाई, यांविषयीही तेच. व्रत करावे की नाही हे सांगणे माझे काम नव्हे. पण जे करणार आहेत त्यांनी किमान पंधरा दिवस आधी औषधांची वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. वर सांगितलेल्या गोळ्या व इन्सुलिन यांची मात्रा बदलावी लागते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या निर्जळी उपवासात घेतल्यास शरीर कोरडे पडून रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, त्या आधीच बंद कराव्या लागतात. मात्र स्वतःच्या मनाने काही बंद करू नये. आणि एक नाजूक प्रश्न. रात्री दोन वाजता साखर पन्नासवर आली आणि रुग्णाचा रात्रिभोजनाचा त्याग असेल, तर साखरपाणी द्यायचे की नाही? हा प्रश्न त्या क्षणी सोडवायचा नसतो. मुनिश्रींना किंवा पंडितजींना आधीच विचारून ठेवावे आणि उत्तर घरातील सर्वांना माहीत असावे. रुग्णाची शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे, एवढे वैद्यकीय उत्तर मी देऊ शकतो.

पंचाहत्तरीच्या पुढील, एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांच्या मुलांना मुद्दाम सांगतो. मुले पुण्याला, बंगळुरूला, आणि येथे आई गोळ्यांचे दोन डबे घेऊन. विस्मरण सुरू झालेल्या व्यक्तीच्या हातात साखरेच्या गोळ्या ठेवणे धोक्याचे आहे. जेवण विसरते, गोळी दोनदा घेतली जाते. अशा वयात एचबीए१सी आठपर्यंत असले तरी पुष्कळदा चालते, औषधे कमी करता येतात. डॉक्टरांशी तसे बोला. आठवड्याच्या खणांचा प्लॅस्टिकचा डबा आणि रोज संध्याकाळी एक फोन यांनी पुष्कळ काम होते.

शेवटचा मुद्दा ब-१२ जीवनसत्त्वाचा. आपण शाकाहारी, आणि हे जीवनसत्त्व वनस्पतींत जवळजवळ नाही, दुधा-दह्यातून थोडे मिळते. पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डॉ. याज्ञिक यांच्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ते कमी आढळले, आणि शाकाहाऱ्यांत विशेष कमी. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यानेही ते घटते. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे आणि विसरभोळेपणा ही लक्षणे मधुमेहानेही होतात आणि ब-१२ च्या अभावानेही. पहिल्या कारणाने झालेले नुकसान पुसता येत नाही, दुसऱ्याचे वेळेवर लक्षात आले तर पुष्कळदा भरून येते. त्यामुळे मेटफॉर्मिन चार-पाच वर्षे घेत असलेल्या प्रत्येक शाकाहारी व्यक्तीने, आणि विस्मरणाची तक्रार असलेल्या प्रत्येकाने, एचबीए१सीबरोबर ब-१२ आणि थायरॉइड या तपासण्या करून घ्याव्यात. रक्ताचा नमुना एकच द्यावा लागतो. अहवालात ब-१२ कमी असेल तर इंजेक्शन घ्यायचे की गोळी, हे कमतरता किती आहे त्यावर ठरते. काही थेंबांवर आणि गोळ्यांच्या कोशावर प्राणिजन्य घटकांची शंका असल्यास औषधविक्रेत्याकडे शाकाहारी चिन्ह असलेला प्रकार मागावा, तो मिळतो.